मी घुसवलेली सावत्र आई

त्या कादंबरीतली सावत्र आई माझी आहे, लेखिकेची नाही. मूळ इंग्रजी पुस्तकात अशी बाईच नाही. अठरा वर्षांपूर्वी मी त्या पुस्तकाचा मराठी अनुवाद केला तेव्हा तिला मी तयार केलं, सात ओळींत तिचं लग्न लावलं आणि तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटी घुसवून दिलं. शिवाय पुस्तकाला जी प्रस्तावना लिहिली तिच्यात लेखिका स्वतःला चेरोकी म्हणवते ते खरं नसावं, असं सुचवलं. दोन्ही कामं एकाच संशयातून झाली. आता पुस्तक पुन्हा छापायचं घाटतं आहे आणि मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. म्हणून काय झालं ते लिहून ठेवतो.

चेरोकी हे अमेरिकेतल्या मूळ लोकांचं एक राष्ट्र. पूर्वेकडच्या डोंगरांत त्यांची गावं होती, शेती होती, स्वतःची लिपी आणि तिच्यात छापलेलं वर्तमानपत्रही होतं. जमीन हवी म्हणून सरकारनं त्यांना सैन्य लावून उठवलं, छावण्यांत कोंडलं आणि मग शेकडो कोस पश्चिमेला चालवत नेलं. वाटेत माणसं हजारोंनी मेली. लेखिका त्या चालत गेलेल्यांच्या वंशातली. ओक्लाहोमातल्या एका लहान गावात शाळेत शिकवायची आणि सुट्टीत लिहायची. सगळ्या कादंबऱ्या याच एका प्रवासावर. दर वेळी त्या रांगेतलं कोणी तरी वेगळं माणूस घ्यायची आणि त्याच्यामागून चालायची. मी अनुवाद केला त्या कादंबरीत नऊ वर्षांची एक मुलगी आहे.

पुस्तक मला रद्दीतल्या ढिगात मिळालं. एका बैठकीत वाचून काढलं आणि लेखिकेला पत्र लिहिलं. तिनं लगेच परवानगी दिली. तिथूनच मला शंका यायला लागली. इतकी लगेच का दिली?

माझा स्वभाव असाच होता आणि नोकरीनं तो पक्का केला. बेंगळुरूच्या ज्या कारखान्यात मी तीस वर्षं काढली तिथले पंप सोलापूर-कोल्हापूरकडे जायचे आणि त्यांच्या पुस्तिका मी मराठीत करायचो. पान अकरावर काढून ठेवलेला बोल्ट पान चौदावर आवळायला सांगितला असेल आणि मध्ये तो परत बसवलेलाच नसेल, तर दोनच गोष्टी शक्य असतात. एक तर मधलं पान हरवलंय, नाही तर लिहिणारा कधी पंपाजवळ गेलेलाच नाही. हे पकडण्यासाठी मी वही ठेवायचो. प्रत्येक भागाचं नाव, तो कुठल्या पानावर आला, कुठल्या पानावर गेला. कादंबरीलाही मी तशीच वही केली. माणसाचं नाव, कुठं जिवंत, कुठं मेला.

त्या वहीत मुलीची आई दुसऱ्या प्रकरणात छावणीतल्या हगवणीनं मेली होती. आणि चौथ्या प्रकरणात मुलीची आई तिला स्वतःचा कोट देत होती. पाचव्यात आई नदीकाठी बसून मका भाजत होती.

मी दोनदा पानं उलटली. भूत नव्हतं, स्वप्न नव्हतं. सरळ ‘आई’ असं लिहिलं होतं.

मला आनंद झाला. हे लपवायचं कारण नाही. पंपाजवळ न गेलेला माणूस सापडला की मला नेहमीच आनंद व्हायचा. मग आधीच्या शंकाही एकेक करून पुढं आल्या. पुस्तकावरच्या फोटोत तिचे केस भुरे होते. नाव इंग्रजी होतं. रविवारी ती चर्चला जायची. अमेरिकेत ऊठसूट कोणीही आपली पणजी चेरोकी होती असं सांगत असतं, हे मी कुठं तरी वाचलं होतं. मी तिला लिहिलं, तुम्ही चेरोकी असल्याचा काही दाखला आहे का?

तिचं उत्तर मोठं होतं. आपलं कूळ आईकडून येतं, आई कुठल्या कुळाची, तिची आई कुठल्या गावची, असं सगळं. शेवटी लिहिलं होतं की माझ्याकडे चेरोकी राष्ट्राचं सभासद-कार्ड आहे, पण ते मी कचेरीत दाखवते, वाचकाला दाखवत नाही. आणि खाली गमतीनं एक ओळ होती. तुमच्याकडे काय आहे, मराठी असल्याचं?

मला ती ओळ झोंबली. आमचं घराणं दोनशे वर्षं तरी बेंगळुरूत आहे. चिकपेटेत कापडाचं दुकान, घरात मराठी, दारात कन्नड. आमच्या मराठीत ‘थोडं’ला ‘स्वल्प’ आहे, ‘बरं’ला ‘सरी’ आहे, थोरल्या भावाला आम्ही अण्णा म्हणतो आणि बहिणीला अक्का. तरुणपणी मी पुण्याला एका लेखकांच्या मेळाव्यात गेलो होतो. मी बोलून खाली बसलो तेव्हा शेजारचे गृहस्थ हसून म्हणाले, “गोड बोलता हो. पण तुम्ही नक्की आपले ना?” तेव्हापासून मी लिहिताना एकेक शब्द धुऊन वापरला. आणि ही बाई तोच प्रश्न मला विचारत होती.

आता मुद्द्याचं. दोन आया कशा, हे मी तिला विचारलंच नाही. चोराला कळवून झडती घेतात का? विचारलं असतं तर तिनं काही तरी कारण जुळवलं असतं, असं मला वाटलं. हे सगळं मी जेवताना बायकोला सांगत होतो.

ती म्हणाली, “अहो, आईची बहीण असंल की. चिक्कम्मा.”

“तसं असतं तर मावशी लिहिलं असतं. इंग्रजीत शब्द आहे त्याला.”

“सगळ्यांच्यात मावशी कुठं असती? तुम्ही तरी कधी मावशी म्हणला काय?”

“तू भात वाढ.”

“वाढते. पण विचारा स्वल्प त्या बाईला. तोंड झिजत नाही विचारून.”

मी विचारलं नाही. दोन आया मराठी वाचकाला चालणार नाहीत, चूक माझीच समजतील, म्हणून मी दुरुस्ती केली. बाप छावणीतल्या एका विधवेशी लग्न करतो, अशा सात ओळी लिहिल्या. पुढं जिथं जिथं ‘आई’ होतं तिथं ‘सावत्र आई’ केलं. आणि एकदा सावत्र म्हटल्यावर ती बाई आपोआप वाईट झाली. पाचव्या प्रकरणात मुलगी तहानेनं ओहोळाचं पाणी वाटीत घेते आणि आई हात मारून ती वाटी उडवते. मूळ पुस्तकात त्याच्या आधीच्या पानावर ते पाणी पिऊन दोन माणसं मेलेली आहेत. माझ्या पुस्तकातही ती मेलेली आहेत, पण सावत्र आईनं वाटी उडवल्यावर मागचं पान कोणाला आठवतं?

प्रस्तावनेत मी लिहिलं की मूळ लेखिकेला आपलं पात्र मेलं की जिवंत याचंही भान नाही, आणि आपल्या लोकांच्या दुःखातून आलेलं माणूस असं चुकत नाही. तिचं चेरोकी असणं बनावट असू शकतं, वाचकांनी सावध राहावं. पुण्याच्या एका मासिकानं ती प्रस्तावना जशीच्या तशी छापली. संपादकांचं पत्र आलं. बेंगळुरूत राहून इतकं निर्दोष मराठी आणि इतकी चिकित्सा! ते पत्र मी काच लावून भिंतीवर टांगलं. आमच्या इथल्या मराठी मंडळानं तिचं इंटरनेटवरून व्याख्यान ठरवलं होतं. कार्यकारिणीच्या बैठकीत कोणी तरी मासिक पुढं केलं आणि म्हणालं, कशाला उगाच बनावट माणसाला बोलवायचं. मी तिथं बसलो होतो. चहा पीत होतो.

तिला मी दोन प्रती पाठवल्या. तिचं आभाराचं पत्र आलं. लिपी किती सुंदर आहे, वरची रेघ कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी दिसते, वगैरे. शेवटी सहज लिहिलं होतं: हे पुस्तक माझ्या आईला दाखवायला हवं होतं, ती मी नऊ वर्षांची असताना गेली. पण आईला दाखवलं, तिनं पानांचा वास घेतला, आता तिला डोळ्यांनी नीट दिसत नाही.

मी ते वाचलं आणि मला कळलं. लगेच कळलं.

कारण हे वाक्य माझंच होतं. माझी आई मी पाच वर्षांचा असताना गेली. तिच्या धाकट्या बहिणीनं मला वाढवलं. तिनं लग्न केलं नाही. कन्नडमध्ये आईच्या धाकट्या बहिणीला चिक्कम्मा म्हणतात, धाकटी आई, आणि आमच्या घरातही तोच शब्द होता. बाहेर बोलताना मी नुसतंच आई म्हणायचो. तिसरीत मास्तरांनी मला वर्गासमोर उभं केलं होतं. “जूनमध्ये म्हणालास आई वारली. आज म्हणतोस आईनं डबा दिला. खोटं बोलतोस?” मुलं हसली. मी रडलो नाही, पण घरी गेल्यावर डबा न उघडता परत दिला. चिक्कम्मानं कारण विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली आणि मास्तरांसमोर नुसती उभी राहिली, माझ्या डोक्यावर हात ठेवून.

पुढं मी लिहायला लागल्यावर तिच्याबद्दलही लिहिलं. प्रत्येक ठिकाणी ‘मावशी’ लिहिलं. आयुष्यात एकदाही मी तिला मावशी म्हटलं नव्हतं. पुण्याच्या वाचकाला चिक्कम्मा कानडी वाटेल म्हणून.

तर कळलं. आणि मी गप्प बसलो. प्रत्येक वर्षी आता बोललो तर आतापर्यंत का नाही बोललास, हा प्रश्न मोठा होत गेला. तिची दोन-तीन पत्रं आली. मी उत्तरं आखडती घेतली, मग बंद केली.

या वर्षी फेब्रुवारीत फोन आला. “हॅलो काका, मी सर्जापूर रोडहून बोलतेय. आमचा एक वाचनगट आहे, सात-आठ जणी, सगळ्या आयटीवाल्या. तुमचं ते चेरोकी पुस्तक आम्ही वाचतोय. आऊट ऑफ प्रिंट आहे ना? मला ते परत काढायचंय.”

“माझा नंबर कोणी दिला?”

“लायब्ररीत मिळाला. आणि काका, मूळ इंग्रजी पुस्तकपण मागवलंय मी.”

मूळ पुस्तक मागवलंय. हे तिनं मुद्दाम सांगितलं, असं मला वाटलं. शनिवारी सकाळी गटात या, म्हणाली. गाडी पाठवते. मी बायकोला म्हणालो, ही पोरगी मला बोलावून सगळ्यांसमोर पकडणार आहे.

“मग जाऊ नका.”

“नाही गेलो तर तिची खात्री पटेल.”

“पटंना का,” ती म्हणाली आणि मेथी निवडत राहिली.

सोळाव्या मजल्यावरचं घर होतं. मुली तिशीतल्या, पुण्या-नागपूरच्या. मधल्या टेबलावर माझं पुस्तक आणि त्याच्याखाली मूळ इंग्रजी. इंग्रजीत एक पिवळी खूण घातलेली, साधारण तिसऱ्या प्रकरणाजवळ. मला दुसरं काही दिसेना. त्या माझ्याशी फार गोड बोलत होत्या. मला त्यातही काही तरी दिसत होतं.

“चहा?”

“स्वल्प.” तोंडातून निघून गेलं.

एक जण हसली. “काका, तुम्ही किती क्यूट बोलता. पुस्तकात तर एकदम पुणेरी आहात!”

मग चर्चा सुरू झाली. फोन करणारी मुलगी म्हणाली, “मला सगळ्यात ग्रेट वाटली ती सावत्र आई. काय लेअर्ड कॅरेक्टर आहे. कोट देते, आणि तीच बाई तहानलेल्या मुलीच्या हातातली वाटी उडवते. नालायक! पण म्हणजे बघा ना, लेखिकेनं तिला नुसती व्हिलन नाही केलंय.”

“आणि प्रस्तावना,” दुसरी म्हणाली. “ती हवीच. तेव्हा कोण इतकं चेक करायचं? फेक लोकांना काका तेव्हाच ओळखून होते.”

मी पिवळ्या खुणेकडे बोट केलं. “हे वाचलंत?”

“मूळ? नाही हो. वेळ कुठंय? कव्हरचा फोटो स्कॅन करायला मागवलं. ते कुरिअरचं बिल आहे आत. तुमचं आहे ना मराठी, मग ते कशाला वाचायचं?”

त्यांच्या मनात काहीच नव्हतं. सबंध सकाळ मी ज्या सापळ्याची वाट बघत होतो तो नव्हताच. परतताना गाडी दीड तास रस्त्यात अडकली आणि मी खिडकीतून उघड्या पडलेल्या मेट्रोच्या खांबांकडे बघत बसलो. पकडलं असतं तर मी भांडलो असतो. वाद घालता येतो मला. विश्वासाशी काय वाद घालणार?

घरी बायको म्हणाली, “सांगितलं काय?”

“काय?”

“तेच. सावत्र आई तुमची म्हणून.”

“तुला कधीपासून माहिती?”

“मूळ पुस्तक कपाटातच आहे की. मला इंग्रजी वाचता येतं.” मग म्हणाली, “मी वाट बघत होते. तुमची चिक्कम्मा असती तर तिनंपण बघितली असती.”

सोमवारी मी त्या मुलीला फोन केला आणि सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि तिसऱ्या दिवशी परत केला. मूळ पुस्तक वाचून काढलं होतं.

“काका, ती तिची आई होती?”

“हो. आईची बहीण म्हणजे आईच. त्यांच्यात तसंच आहे.”

“पाणी घाण होतं म्हणून वाटी उडवली?”

“हो.”

“मी सगळ्यांसमोर तिला नालायक म्हणाले.”

“ते मी म्हणायला लावलं.”

फोनवर पानं उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाली, “सॉरी, पण आता मला तुमचं अख्खं भाषांतर मुळाशी लावून बघावं लागेल. ओळ न् ओळ.”

“वही करा,” मी म्हणालो. “कोण कुठं जिवंत, कोण कुठं मेलं. आणि अडलात तर लेखिकेला विचारा. मी नाही विचारलं.”

पुढचे दोन महिने ती संशयानं माझं भाषांतर तपासत होती. रोज व्हॉट्सॲपवर प्रश्न. पान बावीसवर हे कुठून आलं? पान साठवर दोन वाक्यं गेली कुठं? मला राग आला नाही. मी सात ओळी काढल्या, एकशे अकरा ठिकाणचा ‘सावत्र’ काढला. चिक्कम्मा लिहावं का, तिनं विचारलं. मी नको म्हणालो. लेखिकेनं आई लिहिलं आहे, तर आईच. वाचक अडखळेल. अडखळू दे.

याच दिवसांत मी लेखिकेच्या जुन्या पत्त्यावर ईमेल लिहिला. तीन वेळा खोडला. शेवटी इतकंच पाठवलं की मराठी आवृत्तीत माझ्या हातून गंभीर चूक झाली आहे, मला तुमच्याशी बोलायचं आहे.

नऊ दिवसांनी उत्तर आलं. दुसऱ्याच बाईचं. आई गेल्या वर्षी गेली, तिचा पत्रव्यवहार आता मी बघते, मी तिची मुलगी.

मी ताबडतोब उठलो आणि कपाटातून पुस्तक काढलं. मागच्या पानावर लेखिकेचा परिचय मीच मराठीत केला होता. ‘त्यांना मूलबाळ नाही.’ पुस्तकात मूलबाळ नाही आणि इथं मुलगी. कोण ही? लेखिकेच्या खात्यात शिरलेलं कोणी तरी? आता पैसे मागेल, म्हणून मी पुढचं वाचायचंही थांबवलं. चष्मा पुसला. वही कुठं आहे ते बघायला लागलो.

मग पुस्तक हातात घेऊन तसाच उभा राहिलो. बायकोनं विचारलं काय झालं. मी म्हणालो, काही नाही. लेखिकेला एक बहीण असणार.

खाली बसून मी पुढचं वाचलं. आईनं तुमची एक प्रत दिवाणखान्यात मांडून ठेवली होती, मुलीनं लिहिलं होतं, कणा नाही, मुखपृष्ठ दिसेल अशी. येणाऱ्याला दाखवायची. सुरुवातीला अनुवादकानं माझ्याबद्दल सहा पानं लिहिली आहेत, म्हणायची. आमच्या गावात ती लिपी वाचणारं कोणी नव्हतं. काय लिहिलं असेल याचा ती अंदाज करायची आणि हसायची. बहुतेक माझ्या केसांबद्दल असेल, म्हणायची. तुम्ही चूक झाली म्हणता ती असू दे, अनुवादात चुका होतातच. पण त्या सहा पानांत काय आहे, ते मला सांगाल का? मला ते तिच्या कागदांत ठेवायचं आहे.

मी चार दिवस त्या सहा पानांचं इंग्रजी करत होतो. आयुष्यात इतकं चोख भाषांतर मी केलं नाही. एकही शब्द मऊ केला नाही. ‘बनावट’ला बनावटच ठेवलं. ‘सावध राहावं’ला सावध राहावं. जिथं मी चिकित्सेचा आव आणला होता तिथं तो आवही तसाच उतरवला. शेवटी खाली तीन ओळी वेगळ्या लिहिल्या: हे मी तुमच्या आईबद्दल छापलं. हे खोटं आहे हे मला अठरा वर्षं माहीत होतं. मला पाच वर्षांचा असल्यापासून माहीत असायला हवं होतं.

पाठवायच्या आधी बायकोला वाचून दाखवलं.

“वाचून ती काय म्हणंल?” तिनं विचारलं.

“माहीत नाही.”

“मग पाठवा.”

पाठवलं. उत्तर अजून आलेलं नाही. नव्या आवृत्तीत जुनी प्रस्तावना नाही. तिच्या जागी हे आहे.